काय द्यायचं ते नंतर बघू, आधी कोण कसं भरवतंय ते बघा

सव्वादोन वर्षांची मुलगी, सकाळी तुम्ही भरवता, दुपारी आजी मोबाइल लावून भरवतात, संध्याकाळी बाबा आले की बिस्किटं, आणि रात्री ताट समोर आलं की तोंड घट्ट बंद. डॉक्टर म्हणतात वजन व्यवस्थित आहे, तरी ती काहीच खात नाही म्हणून तिला काय काय द्यावं याची यादी तुम्ही मागितलीय. ताई, यादी मी देणार नाही, रागावू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात पदार्थ कुठे अडलेला मला दिसत नाही, अडलंय ते भरवणाऱ्या तीन माणसांच्या तीन तऱ्हांमध्ये.

मी बारा वर्षं पाळणाघर चालवलं. दरवर्षी दोन-तीन मुलं अशी यायचीच की आई दारातच सांगायची, हा काही खात नाही हो, आणि तोच मुलगा चौथ्या-पाचव्या दिवशी बाकीच्यांच्या ओळीत बसून स्वतःच्या हाताने खायला लागायचा, अर्धं सांडायचा अर्धं पोटात जायचं. डबा घरचाच, चव तीच. फरक एवढाच की आमच्याकडे कोणी त्याच्यासमोर बसून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत नसायचं. हे मला स्वतःच्या घरी मात्र फार उशिरा कळलं. मोठ्या मुलाला मी कितीतरी महिने मांडीवर आडवा धरून भरवलंय, रडायला तोंड उघडलं की घास आत. असा घास श्वासनलिकेत जाऊ शकतो हे तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं. पुढे पाच वर्षांचा होईपर्यंत तो चमचा दिसला की मान फिरवायचा, ते आठवलं की अजून वाईट वाटतं, म्हणूनच एवढं लांबलचक लिहितेय.

भुकेचं आधी सांगते कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, म्हणजे ३ किलोचं बाळ ९ किलोच्या आसपास जातं, आणि दुसऱ्या अख्ख्या वर्षात वाढतं जेमतेम दोन-अडीच किलो. वाढच मंदावली तर भूकही मंदावणार ना. पण आपल्या मनात वाटी असते ती पहिल्या वर्षातली, ती संपली नाही की आपला जीव वरखाली. त्यात दुसऱ्या वर्षाच्या सुमारास नव्या चवीची भीती सुरू होते, काल आवडीने खाल्लं ते आज नको, हिरवं दिसलं की नको. हे वयाचं असतं आणि शाळेत जाईपर्यंत कमीजास्त चालू राहतं. नेमक्या याच दिवसांत घरातली मोठी माणसं घाबरून मुलाच्या मागे लागतात, आणि त्या मागे लागण्याचा परिणाम वय सरलं तरी जात नाही.

आग्रहाने काय होतं हे नीट तपासून पाहिलंय लोकांनी. २००६ मध्ये एमी गॅलोवे, लीन बर्च या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना दोन वेगवेगळी सूप काही आठवडे दिली, एक देताना सारखं ‘सूप संपव’ म्हणायचं आणि दुसरं देताना काहीच म्हणायचं नाही. काहीच न म्हणता दिलेलं सूप मुलांनी जास्त खाल्लं, आणि आग्रहाच्या सूपला त्यांनी नावंही खूप जास्त ठेवली. याच बर्च बाईंनी १९८४ मध्ये एक फारसं ओळखीचं नसलेलं दुधाचं पेय मुलांना ‘हे प्यायलास तर बक्षीस’ असं सांगून दिलं होतं, तेव्हा मुलं ते प्यायली पण नंतर त्यांना ते आधीपेक्षा कमी आवडायला लागलं. म्हणजे ‘भाजी खाल्लीस तर बिस्किट’ यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आणि बिस्किट हे बक्षीस. बंदीचंही तेच. १९९९ मध्ये फिशर आणि बर्च यांनी एक साधा खाऊ पारदर्शक बरणीत घालून मुलांच्या समोर टेबलावर ठेवला, दिसायचा पण मिळायचा नाही, तर मुलांचं सगळं लक्ष त्या बरणीत अडकलं. फ्रिजच्या वर ठेवलेला बिस्किटाचा डबा आठवून बघा, तुमची लेक त्याच्याकडे बोट दाखवत असेल तर नवल नाही. (नुसती चव घेऊन पाहिल्याबद्दल एखादं स्टिकर दिलं तर उपयोग झाल्याचंही अभ्यासात दिसलंय, पण खाऊच्या बदल्यात खाऊ नको.)

मोबाइलबद्दल आजींना दोष देऊ नका, नात उपाशी राहील या काळजीने त्या लावतात. पण होतं काय, स्क्रीन बघताना तोंड आपोआप उघडतं, घास जातो, मात्र काय खाल्लं, कसं लागलं, पोट कधी भरलं यातलं काहीही मुलापर्यंत पोचत नाही. वाटी रिकामी होते आणि खायला शिकणं मात्र राहून जातं. मग रात्री मोबाइलशिवाय ताट आलं की तिला खरंच कळत नाही की या ताटाचं करायचं काय.

या सगळ्यात मला सर्वात जास्त उपयोगी पडला तो क्लारा डेव्हिस यांचा जुना प्रयोग. या अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ, १९२० आणि ३० च्या दशकात त्यांनी अंगावरचं दूध नुकतंच सुटलेल्या १५ बाळांना ३४ साध्या पदार्थांमधून आपापलं निवडून खाऊ दिलं. शेजारी नर्स चमचा घेऊन बसायची, पण बाळाने स्वतः हात पुढे केल्याशिवाय किंवा बोट दाखवल्याशिवाय चमचा हलवायचा नाही, हे घे ते घे म्हणायचं नाही, चेहऱ्यावरसुद्धा काही दाखवायचं नाही. बाळं कधी कसंही विचित्र जेवायची, पण तब्येती उत्तम राहिल्या. आता पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, मुलांना सगळं कळतं, सोडून द्या. पण १९३९ मध्ये डेव्हिस यांनीच सांगितलं की खरी गोम त्या ३४ पदार्थांच्या यादीत होती, त्यात साखर घातलेलं आणि डब्यातलं तयार काही नव्हतंच, म्हणून बाळांनी काहीही निवडलं तरी चाललं. यादी मोठ्यांच्या हातात होती आणि चमचा बाळाच्या. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ हीच वाटणी सोपी करून सांगतात, काय द्यायचं, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, आणि खायचं की नाही, किती खायचं हे मुलाने. तुमच्याकडे सध्या बरोबर उलटं चाललंय असं मला वाटतं, बिस्किट कधी ते लेक ठरवते आणि वाटी किती संपली पाहिजे ते तुम्ही.

मग करायचं काय, तर पहिले काही दिवस फक्त वेळ सांभाळा. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास पाण्याशिवाय काही नाही, ना बिस्किट ना ज्यूस ना दुधाची बाटली. दूध या वयात दिवसाला साधारण अर्धा लिटर पुरे, त्याहून खूप जास्त गेलं की भूक मरते, आणि गाईम्हशीच्या दुधात लोह अगदीच थोडं असतं त्यामुळे अशी दुधावरची मुलं पांढरीफटक पडलेली मी पाहिलीत. ताटात प्रत्येक गोष्ट एकेक चमचाच वाढा, मोठा ढीग बघूनच मूल मागे सरतं, हवं तर परत मागेल. तिला आवडणारं काहीतरी एक ताटात असू दे, नवीन पदार्थ त्याच्या शेजारी बोटभर, खाल्ला तर खाल्ला नाही तर नाही, काही न बोलता ताट उचलायचं आणि दोन-चार दिवसांनी तोच पदार्थ परत ठेवायचा. एखादी चव ओळखीची व्हायला दहा-पंधरा वेळाही लागतात आणि आपण तिसऱ्या वेळी ‘हिला हे आवडत नाही’ म्हणून सोडून देतो. आणि तिच्यासोबत कोणीतरी बसून तेच खा. २००५ च्या एका अभ्यासात मुलांनी अनोळखी पदार्थ तेव्हा जास्त चाखला जेव्हा शेजारचा मोठा माणूस दिसायला तसंच काहीतरी खात होता, नुसतं कोणीतरी जवळ बसून उपयोग झाला नाही. वीस-पंचवीस मिनिटांत जेवण आटपा. पहिले चार-पाच दिवस ती एखादं जेवण पूर्ण नाकारेल, तेव्हा तुमची खरी परीक्षा आहे, तेव्हा अर्ध्या तासाने बिस्किट हातात देऊ नका, पुढच्या ठरलेल्या वेळेला व्यवस्थित जेवण द्या.

हे सगळं वजन ठीक असलेल्या, खेळत्या मुलासाठी. वजन कमी होत असेल किंवा कित्येक महिने वाढतच नसेल, गिळताना ठसका लागत असेल, उलट्या होत असतील, किंवा खाल्ले जाणारे पदार्थ एकेक करून गळत चार-पाचांवर आले असतील तर वाट बघू नका, सरळ बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आजींशी बोलताना ‘मोबाइल बंद करा’ असं सांगू नका, मनाला लागेल. ‘आई, दुपारी तुम्ही तिच्यासोबतच जेवायला बसाल का, ती तुमचं बघून खाते’ असं सांगा. आमच्या सासूबाईंना मी असंच म्हटलं होतं आणि आठवडाभरात मोबाइल आपोआप बाजूला पडला. बाबांना बिस्किटाऐवजी आल्या आल्या पंधरा मिनिटं खेळायला बसवा, दोघांनाही तेच हवं असतं बहुतेक. आणि दिवसभरात एकूण दूध किती जातं ते दोन-तीन दिवस मोजून इथे लिहा, बाटलीतलं आणि कपातलं दोन्ही धरून, मग संध्याकाळच्या खाण्याची वेळ कुठे बसवायची ते बघू.