कच्चं तेल महागलं की सगळंच का महागतं?

गाडी नसलेल्या माणसाला तेलाच्या भावाची झळ का लागते, असा तुमचा प्रश्न आहे. शाम्पूची एक बाटली हातात घेऊन बघा. बाटलीचं प्लॅस्टिक खनिज तेलापासून किंवा नैसर्गिक वायूपासून बनतं, आतल्या फेस आणणाऱ्या रसायनांपैकीही बरीचशी तिथूनच येतात, आणि ती दुकानापर्यंत पोचते डिझेलच्या ट्रकमधून. म्हणजे एकाच वस्तूत तेलाचा खर्च तीनदा मिसळलेला असतो. पेट्रोल पंपावरचा भाव लगेच दिसतो; हा दुसरा फटका काही महिन्यांनी, हळूहळू बसतो.

पण एक फरक नीट लक्षात घ्या, इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. तेल एकदाच महागून तिथेच थांबलं, तर किमती वरच राहतात, पण महागाईचा दर वर्षभराने खाली येतो, कारण तुलना आता वाढलेल्या किमतीशी होते. खरा धोका पुढे असतो. महागाई वाढतच राहणार असं लोकांनी गृहीत धरलं की कामगार जास्त पगार मागतात, कंपन्या आधीच भाव वाढवून ठेवतात आणि चक्र सुरू होतं. 1973-74 मध्ये तेल पिंपाला सुमारे 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या आसपास गेलं, तेव्हा अनेक देशांत हेच झालं. म्हणूनच अशा वेळी मध्यवर्ती बँका व्याजदर वाढवतात. त्याने तेल स्वस्त होत नाही, पण हे चक्र रोखता येतं.

आयात करणाऱ्या देशाचं चलनही त्याच वेळी घसरलं, तर मार दुहेरी. तेलाचे सौदे मुख्यतः डॉलरमध्येच होतात ना.