वाचकांचे प्रश्न : गाणी जुनी, अल्बम नवा

प्रश्न : मी जॅझ अलीकडेच ऐकू लागलो आहे. एका तरुण गायिकेचा अल्बम ऐकला; तो सगळा ‘स्टँडर्ड’ म्हणवल्या जाणाऱ्या जुन्या गाण्यांचा आहे. आवाज सुरेल आहे, साथही नेटकी आहे. परंतु यांतले जवळजवळ प्रत्येक गाणे आधी अनेक मोठ्या गायिकांनी गायलेले असताना पुन्हा तेच गाण्यात काय हशील? अशा अल्बमचे मोल कशावरून ठरवावे?

उत्तर : ही गाणी मुळात जॅझसाठी लिहिलेलीच नव्हती. कोल पोर्टर, जॉर्ज आणि आयरा गर्श्विन, रिचर्ड रॉजर्स आणि लॉरेन्झ हार्ट, जेरोम कर्न यांनी त्यांतली बरीचशी ब्रॉडवेच्या संगीतिकांसाठी आणि हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी रचली. पुढे संगीतिकांची कथानके लोक विसरले. उरली ती बांधेसूद चाल, बहुधा ३२ बारांची (बार म्हणजे ठराविक मात्रांचा एक गट), आणि तिच्याखालची कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची, मांडणी. जॅझ कलावंतांनी ती उचलली, कारण तिच्यात आपली भर घालायला जागा होती. तेव्हा अशा अल्बममध्ये गाणे आयते मिळालेले असते. लय कोणती धरली, आरंभ कुठून केला, कोणत्या शब्दावर वजन दिले आणि काय गाळले, एवढेच गायिकेचे स्वतःचे, आणि तिची परीक्षाही तिथेच होते.

‘माय फनी व्हॅलेंटाइन’ हे गाणे घ्या. रॉजर्स आणि हार्ट यांनी ते १९३७ च्या ‘बेब्स इन आर्म्स’ या संगीतिकेसाठी लिहिले. त्यात नायिका व्हॅलेंटाइन नावाच्या तरुणाच्या रूपातली एकेक उणीव मोजते आणि शेवटी त्याला सांगते की, माझ्यासाठी केसभरही बदलू नकोस. हे थट्टेने गाता येते, लाडाने गाता येते आणि रडवेल्या सुरातही गाता येते. आज बहुतेक गायिका तिसरी वाट धरतात, आणि मला ती सर्वांत सोपी वाटते. गाण्याची बांधणीही पाहण्यासारखी आहे. नेहमीचे ३२ बार सोडून ते ३६ बारांचे आहे, कारण शेवटचा भाग चार बारांनी लांबवलेला आहे, आणि याच लांबलेल्या भागात, चालीच्या सर्वांत उंच स्वरावर, ‘थांब’ अशी विनवणी येते. त्या स्वरावर गायिका आवाज चढवते की आवरते, एवढे ऐकले तरी तिने हे शब्द वाचले आहेत की नुसते पाठ केले आहेत, ते कळते. मुख्य चालीच्या आधी एक प्रास्ताविक कडवेही आहे. ते पुष्कळ जणी सोडून देतात. जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड हिने १९५६ साली रॉजर्स-हार्ट यांच्या गाण्यांच्या अल्बममध्ये ते गायले आहे, आणि त्यामुळे पुढची थट्टा ओळखू येते.

एलाचा उल्लेख आलाच आहे, तर त्याच वर्षीच्या कोल पोर्टर अल्बमबद्दल सांगायला हवे. निर्माता नॉर्मन ग्रान्झ याने आपल्या नव्या ‘व्हर्व्ह’ या ध्वनिमुद्रण कंपनीचा आरंभ याच अल्बमने केला. दोन तबकड्या आणि ३२ गाणी असा तो ऐवज होता, आणि १९६४ पर्यंत अशा आठ गीतकार-संगीतकारांचे किंवा जोड्यांचे संच निघाले. त्यांत एला फार काही करत नाही, अशी तक्रार केली जाते. मला ती पटत नाही. तिने शब्द स्वच्छ ठेवले, चाल जागच्या जागी ठेवली आणि लयीत किंचित झुलती राहिली. रचनाकार समोर ठेवायचा असेल तर एवढा संयम लागतोच.

आपण ऐकलेल्या अल्बमकडे याच नजरेने पाहावे. अशा अल्बमांत हमखास आढळणारा दोष म्हणजे दहा-बारा गाणी एकाच संथ लयीत, कुजबुजत्या आवाजात आणि मागे व्हायोलिनांचा मऊ गालिचा पसरून गायलेली असतात. पहिली दोन ऐकली की पुढच्यांचा अंदाज येतो. जलद गाणे हळू केले असेल, तर त्याने शब्दांचा कोणता नवा अर्थ उघड झाला ते शोधावे, आणि काहीच सापडले नाही तर त्या कल्पकतेचे कौतुक करू नये.

प्रश्न : बिली हॉलिडेचा ‘लेडी इन सॅटिन’ हा अल्बम श्रेष्ठ मानतात, पण मला तिचा आवाज चिरकलेला आणि थकलेला वाटला. माझे कान चुकतात का?

उत्तर : कान चुकत नाहीत, आवाज थकलेलाच आहे. ध्वनिमुद्रण १९५८ सालचे आहे आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ४४ व्या वर्षी, ती वारली. तरुणपणीही तिच्या आवाजाचा आवाका मोठा नव्हता. चालीतले चढउतार कमी करून मोजक्या स्वरांत ती बसवणे आणि शब्द ठेक्याच्या किंचित मागे टाकणे, ही तिची खरी कमाई होती. या अल्बममध्ये रे एलिस याच्या संयोजनातली तंतुवाद्ये अतिशय गुळगुळीत आहेत आणि त्यांच्यावर तो खरखरीत आवाज उघडा पडतो. काहींना ते असह्य होते, आणि ती प्रतिक्रिया मला गैर वाटत नाही. मात्र एखादी ओळ ती किती उशिरा सुरू करते आणि तरीही पुढच्या बारच्या आरंभी नेमकी कशी पोहोचते, ते एकदा तंतुवाद्यांकडे दुर्लक्ष करून ऐकावे. आरंभ करायचा असेल तर १९३० च्या दशकातली, लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनसह केलेली तिची ध्वनिमुद्रणे आधी ऐकणे बरे.

प्रश्न : ‘स्कॅट’ म्हणजे आपली सरगमच का?

उत्तर : सरगमीत स्वरांची नावेच उच्चारली जातात, स्कॅटमधली अक्षरे निरर्थक असतात, म्हणून जवळीक शोधायचीच तर ती तराण्याशी आहे. लुई आर्मस्ट्राँगच्या १९२६ मधल्या ‘हीबी जीबीज’ या तबकडीने हा प्रकार लोकप्रिय केला. गायिका त्यात वाद्यासारखी वागते, आणि मूळ कॉर्डची चाकोरी मनात धरून नवी चाल जागच्या जागी रचते. गायिका सॅरा व्हॉनने १९८२ च्या ‘क्रेझी अँड मिक्स्ड अप’मध्ये ‘ऑटम लीव्ह्‌ज’ हे गाणे घेतले आणि त्याचा एकही शब्द उच्चारला नाही, मूळ चालही गायली नाही. शीर्षक वाचले नसेल तर गाणे ओळखायला कॉर्डखेरीज दुसरा आधार नाही. या गाण्याचे आपल्या परिचयाचे कोणतेही ध्वनिमुद्रण आधी ऐकून, चाल मनात घोळत असतानाच हे लावावे.