मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पुन्हा अंधुक दिसतंय, ओसीटी खरंच लागतं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले, सुरुवातीला लख्ख दिसत होतं, आता पुन्हा धूसर झालंय, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं ओसीटी (डोळ्याच्या आतल्या पडद्याचं स्कॅन) म्हणजे बिल वाढवायचा धंदा आहे असं घरात सगळ्यांचं मत आहे. खर्चही विचारलाय. तो गावागणिक बदलतो, फोन करून विचारा. पण तपासणी करून घ्या, घरच्यांशी वाद नंतर घालता येईल.

आमच्याकडे हाच वाद झाला आणि त्यात आईच्या डोळ्याचे दिवस वाया गेले.

आईचं ऑपरेशन उत्तम झालं होतं. पट्टी काढल्यावर तिने भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथी वाचून दाखवल्या. महिन्याभराने गोधडी शिवायला घेतली आणि म्हणाली, "धावदोरा सरळ घालतेय गं, पण मधेच वाकडा दिसतो." खिडकीचे गजही मध्यावर वाकलेले दिसायचे, दुसरा डोळा झाकला की जास्तच. दादा म्हणाला, वय झालं, चष्मा बदला. ऑपरेशन जिथे झालं तिथे नंबर तपासला आणि सांगितलं, ऑपरेशनमध्ये बसवलेल्या लेन्समागच्या पिशवीवर जाळी धरली असेल, लेझर मारून टाकू. दादा लगेच तयार. पाच मिनिटांचं काम, त्याच्या साहेबांनीही केलेलं.

मला ते पटेना. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, अशी माणसं रोज समोर बसतात. जाळी धरायला बहुतेकदा कित्येक महिने, वर्षंही जातात. जाळीने धुरकट दिसतं, गज वाकत नाहीत. सरळ रेषा वाकडी दिसली की तक्रार डोळ्याच्या आतल्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची. दादाशी कडाक्याचं भांडण करून मी आईला पडद्याच्या डॉक्टरांकडे नेलं.

ओसीटीला सुई नाही, एक्स-रे नाही, डोळ्याला काही लागतही नाही. हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडे बघत राहायचं, काही सेकंदांत झालं. विहीर खणताना मातीचे थर दिसतात तसे पडद्याचे थर स्क्रीनवर उभे कापल्यासारखे दिसतात. निरोगी डोळ्यात बरोबर मध्यभागी एक खळगा असतो. आईच्या चित्रात तिथे उंचवटा आला होता आणि त्यात काळे पोकळ कप्पे, म्हणजे साचलेलं पाणी. मध्यभागाची जाडी साधारण २५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते, तिची ४७० च्या वर. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते." ते वाक्य मी दादाला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं.

पाणी साचून आलेली पडद्याची ही सूज ऑपरेशन अगदी नीट झालं तरी येऊ शकते, आणि बहुधा चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास. तुमच्या वडिलांची वेळ नेमकी तीच आहे. डोळा लाल नाही, दुखत नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही. आयर्विन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९५३ साली याचं वर्णन केलं. १९६६ मध्ये डॉ. गॅस आणि डॉ. नॉर्टन यांनी हाताच्या शिरेतून रंग टोचून फोटो काढले, तेव्हा मध्यभागी पाकळ्यांसारखा पाझर दिसला. ओसीटी जगासमोर आलं १९९१ ला. दादा म्हणतो, पूर्वी कुठे होती ही यंत्रं? नव्हती ना, म्हणूनच "ऑपरेशन मानवलं नाही" म्हणून माणसं गप्प बसायची.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत कोणी ओसीटी न करता लेझर सुचवलं तर मी तरी माझ्या माणसाचा डोळा पुढे करणार नाही. लेझरनंतरही पडद्याला सूज येऊ शकते, म्हणजे असलेल्या सुजेत भर. आईला लेझर लागलंच नाही. नेपाफेनॅक (सूज उतरवणारं औषध) आणि स्टेरॉइडचे थेंब दिले, मधूनमधून पुन्हा ओसीटी, आणि एके दिवशी चित्रात खळगा परत दिसला. दादाने अजून कबूल केलेलं नाही. तुमच्या घरातही कोणी करेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता थोडं सावधगिरीचं. मी डॉक्टर नाही. थेंब मनाने सुरू करू नका, स्टेरॉइडने काहींच्या डोळ्याचं प्रेशर वाढतं. डोळा दुखून लाल झाला आणि नजर झपाट्याने उतरली, किंवा विजा चमकल्यासारखं होऊन नजरेवर एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर ओसीटीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, डोळ्याच्या मोठ्या हॉस्पिटलात जा. आत जंतुसंसर्ग झाला असेल किंवा पडदा सुटला असेल तर तास मोजावे लागतात. समोरचा भाग फारच गढूळ असेल तर ओसीटीला आतलं दिसत नाही, तिथे डोळ्याची सोनोग्राफी, म्हणजे बी-स्कॅन, करतात.

तपासणी दोन्ही डोळ्यांची करा आणि प्रिंट मागून घ्या. पुढच्या वेळीही शक्यतो त्याच मशीनवर जा, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर जाडीचा आकडा वेगळा येतो. आणि वडिलांना मधुमेह आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर ही सूज येण्याचा धोका जास्त, आणि सूज मधुमेहाची की ऑपरेशनची हेही डॉक्टरांना बघावं लागतं. ऑपरेशनच्या आधी पडदा तपासल्याचा कागद फाइलमध्ये असेल तर तो बरोबर न्या.