कन्सोल हातात आल्याशिवाय रीबूट करू नका

तुम्ही लिहिलंय की डेबियन ११ (लिनक्सचा एक प्रकार) चा सर्व्हर नव्या आवृत्तीवर न्यायचाय, तो मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे, तुम्ही नाशिकला, हातात फक्त एसएसएच (नेटवर्कवरून दूरच्या मशीनमध्ये शिरायची सोय), आणि सपोर्टवाले सांगतात, "कन्सोलची गरज पडत नाही, रीबूट केला की येतो." हे वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. २०१९ मध्ये मलाही अगदी हेच सांगितलं होतं. (कन्सोल म्हणजे मशीनचं नेटवर्क बंद असतानाही त्याचा पडदा आणि कीबोर्ड वापरायची सोय.)

बॅकअप, सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं त्या सोर्सेसच्या यादीतली आवृत्तीची नावं बदलणं, ११ वरून थेट १३ वर न जाता आधी १२ करणं, सगळं टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) चालवणं, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीसोबत येणाऱ्या रिलीज नोट्समध्ये क्रम दिलाय, तो तसाच पाळा. त्याच नोट्समध्ये त्या आवृत्तीतल्या अडचणींचं वेगळं प्रकरण असतं. ते मी तेव्हा नीट वाचलं नव्हतं.

आमचा सर्व्हर कोल्हापूर जिल्ह्यातल्या काही दूध संस्थांचा. व्हीपीएस (एका मशीनचा आभासी तुकडा) नव्हे, अख्खं मशीन भाड्याचं. बऱ्याच जुन्या डेबियनपासून चढवत चढवत ९ पर्यंत आणलेलं, त्यामुळे नेटवर्क कार्डाचं नाव अजून 'ईटीएच-शून्य'च होतं. ते नाव युडेव्हच्या (हार्डवेअर ओळखून त्याला नावं देणारा भाग) एका जुन्या नियमांच्या फाइलने धरून ठेवलेलं असतं. आम्हाला ज्यावर जायचं होतं त्या १० मध्ये त्या पद्धतीचा आधार काढून घेतला होता. एवढं मी कुठेतरी अर्धवट वाचलं आणि साफसफाई करताना ती फाइल उडवली. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये मात्र जुनंच नाव राहिलं.

यातली खरी फसगत अशी की चालू मशीनवर काहीच दिसत नाही. कार्डाचं नाव बूट होताना ठरतं. अपग्रेड एकही एरर न देता पार पडला, सगळ्या सेवा चालू होत्या. शनिवारी रात्री पावणेबाराला रीबूट केला. पिंग (मशीन उत्तर देतं का ते सतत विचारणारी आज्ञा) सुरू ठेवून बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. उत्तर नाही.

डेटा सेंटरच्या सपोर्टकडे तक्रारीचं तिकीट टाकलं. पहाटे उत्तर आलं : "आमच्या बाजूने सर्व्हर सुरू दिसतो." आणि तिकीट बंद! त्यांच्या दृष्टीने वीज चालू म्हणजे सर्व्हर चालू. पुन्हा उघडलं, तर कळलं की मॉनिटर-कीबोर्ड जोडायचं काम सोमवारी ऑफिस उघडल्यावरच होतं, आणि त्यासाठी नोंदणीकृत ईमेलवर आलेला कोड सांगावा लागतो. तो ईमेल त्याच बंद सर्व्हरवर होता. फोनवर तीन वेगवेगळ्या माणसांना हे समजावलं. प्रत्येकाने पहिल्यापासून ऐकून घेतलं आणि "पुढे पाठवतो" म्हणून ठेवलं. अडलेल्या माणसाशी असं वागतात याचा राग आजही जात नाही. शेवटी संस्थेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र पाठवल्यावर गाडी हलली.

सोमवारी अकराच्या सुमारास तिथल्या एका तंत्रज्ञाने स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवला. काळ्या पडद्यावर लाल अक्षरांत 'फेल्ड', पुढे 'रेज नेटवर्क इंटरफेसेस', खाली लॉगिनची ओळ. बाकी मशीन ठणठणीत. कार्डाचं नाव बदलून 'ईएनओ-१' झालं होतं. मी फोनवर सांगत गेले, त्याने नॅनो या एडिटरमध्ये सेटिंगमधलं नाव बदललं. दोन मिनिटांचं काम. तोवर तीन वेळचं संकलन वहीत लिहिलं गेलं होतं : लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घनपदार्थ), सगळं हाताने. ते पुन्हा भरण्यात दोन दिवस गेले आणि दहा दिवसांचं बिल उत्पादकांना उशिरा मिळालं. त्या पैशावर लोकांचं पशुखाद्याचं गणित असतं.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, आधी कन्सोल मागा आणि त्यावरून प्रत्यक्ष लॉगिन करून बघा. नुसता पडदा दिसला म्हणजे झालं असं नाही. रोज एसएसएचच्या किल्लीने (पासवर्डऐवजी वापरायची फाइल) आत जायची सवय असते, त्यामुळे रूटचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही किंवा तो कुलूपबंदच असतो. आणि डेटा सेंटरच्या खात्याचा ईमेल त्याच सर्व्हरवर असेल तर दुसरीकडे हलवा, आजच.

कार्डाचं नाव हा जुना इतिहास समजू नका. १३ च्या रिलीज नोट्समध्येही स्पष्ट लिहिलंय की काही मशीनवर नाव बदलू शकतं. इंटेलच्या आय-४०-ई ड्रायव्हरवर चालणारी कार्डं त्यात आहेत. मी आता प्रत्येक मशीनवर सिस्टिमडीची (मशीन सुरू करून सेवा चालवणारी यंत्रणा) लिंक फाइल करून मॅक पत्त्यावरून (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) कार्डाला माझं ठरलेलं नाव बांधते, सेटिंगमध्ये तेच घालते, इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) नव्याने बनवते, आणि जुन्या आवृत्तीवरच एकदा रीबूट करते. म्हणजे जुनं दुखणं आणि नवं दुखणं एकत्र येत नाही. (हे खऱ्या मशीनबद्दल. व्हर्च्युअल मशीन क्लोन केलं की मॅक बदलतो, तिथे तपासून करा. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सचं मला फारसं माहीत नाही.)

एसएसएचच्या सेटिंगची फाइल बदलायची का, असं अपग्रेड मध्येच विचारेल. जुनी ठेवा. नंतर रीबूटच्या आधी तिची चाचणी घ्या आणि दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन होतंय का बघा. १२ वरून १३ ला जाताना तर १२ मधलं ओपनएसएसएच (एसएसएच चालवणारा प्रोग्राम) आधी शेवटच्या अपडेटपर्यंत आणा, नाहीतर अपग्रेड मध्येच अडला तर नवं कनेक्शन मिळत नाही.

माझं स्पष्ट मत : कन्सोल देत नसतील तर त्या मशीनवर अपग्रेड करूच नका. महिनाभर दुसरं मशीन भाड्याने घ्या, त्यावर नवी आवृत्ती टाका आणि डेटा हलवा. ११ चा एलटीएस (वाढीव मुदतीच्या सुरक्षा अपडेट्सचा) आधार ऑगस्ट २०२६ अखेरपर्यंतच आहे, तेव्हा हे ठरवायला फार थांबू नका.

आणखी एक. तुमच्याकडे जुनी उपकरणं एसएफटीपीने (एसएसएचवरून फाइल पाठवायची पद्धत) सर्व्हरला फाइल पाठवत असतील, तर १२ वर गेल्यावर त्यातली काही नाकारली जातील. अडचण लॉगिनच्या वेळच्या डिजिटल सहीच्या जुन्या शा-१ पद्धतीत असते, म्हणून नवी आरएसए किल्ली बनवून उपयोग होत नाही. खरा उपाय उपकरणाचं सॉफ्टवेअर बदलणं हाच. कोणती उपकरणं आहेत त्याची यादी इथे टाका, दोन-तीन प्रकारांवर मी काम केलंय, सांगू शकेन.