माणसे बदलत राहतात अशा संस्थेतील प्रशासन

प्रिय सहकारी,

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या परिवारातील एका विकास संस्थेच्या प्रादेशिक कार्यालयात प्रशासकीय सेवांची जबाबदारी तुम्ही स्वीकारत आहात, आणि रुजू होण्यापूर्वी खरेदीचे नियम आधी वाचावेत, मनुष्यबळाचे की वित्ताचे, असे तुम्ही विचारले आहे. नियमपुस्तिका वाचाव्या लागतीलच, आणि त्या वाचताना कंटाळाही येईल. पण त्याआधी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. या संस्थांमधील आंतरराष्ट्रीय अधिकारी ठरावीक वर्षांनी बदलून जातात. तुमचे संचालक जातील, देश कार्यालयांचे प्रमुख जातील आणि एक दिवस तुम्हीही जाल. भाडेकरार, वाहने, जनरेटर, करमाफीची प्रमाणपत्रे आणि स्थानिक कर्मचारी मात्र तिथेच राहतील. म्हणून कोणताही निर्णय घेताना, तो घेणारा माणूस हजर नसतानाही निव्वळ कागदावरून तो समजेल का, हे स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्या. लेखापरीक्षक काय म्हणेल ही धास्ती त्यापुढे दुय्यम आहे. जो कागद तुमच्या जागी येणाऱ्या अनोळखी माणसाला कळतो, तो लेखापरीक्षकालाही कळतो.

वाचनाला सुरुवात यजमान देशाशी झालेल्या करारापासून करा. त्याचा पाया म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विशेषाधिकार व मुक्ततांचा, म्हणजे कर आणि स्थानिक न्यायालयांची कारवाई यांतून मिळणाऱ्या सवलतींचा, मूळ करार. तो महासभेने १३ फेब्रुवारी १९४६ रोजी स्वीकारला आणि जागतिक आरोग्य संघटनेसारख्या विशेष संस्थांसाठीचा स्वतंत्र करार १९४७ मध्ये झाला. मूळ करार फार लांब नाही. एका बैठकीत वाचून होतो. मात्र तो वाचून सगळ्या देशांत सारखीच स्थिती असेल असे गृहीत धरू नका. काही देशांनी त्यातील काही तरतुदी आपल्याला बंधनकारक नसतील असे नोंदवून तो स्वीकारला आहे. आपल्याच नागरिकांना मिळणाऱ्या वेतनावरील करमाफी काही देशांना मान्य नाही. तुमच्या अखत्यारीतील प्रत्येक देशासाठी स्वतंत्र पानावर, तिथे नेमके काय लागू आहे आणि त्यासाठी कोणत्या मंत्रालयाच्या कोणत्या विभागाकडे जावे लागते, हे लिहून ठेवा.

मूळ करारातील एक भेद तुम्हाला रोज उपयोगी पडेल. सातव्या कलमानुसार संस्थेच्या अधिकृत वापरासाठी आयात केलेल्या वस्तूंना सीमाशुल्क माफ असते. आठवे कलम मात्र वेगळे आहे: वस्तूच्या किमतीतच धरलेल्या अप्रत्यक्ष करांतून सरसकट सूट मागता येत नाही, परंतु मोठ्या खरेदीवरील असा कर माफ करण्याची किंवा परत देण्याची व्यवस्था सरकारने शक्य तिथे करावी, असे ते सांगते. म्हणजे परदेशातून आलेल्या सामानाची माफी बंदरावर मिळते आणि स्थानिक बाजारातील खरेदीचा कर बहुतेक ठिकाणी आधी भरून मग मागावा लागतो. परताव्याची मागणी करायला बहुधा मुदत असते, मूळ बिल लागते आणि बिलावर संस्थेचे नाव तंतोतंत हवे असते. ही रक्कम थोडी थोडी साचत जाते आणि ती मागणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते. म्हणून ते एका माणसाच्या नावावर टाका आणि दर तिमाहीला त्याला विचारा.

त्याच सातव्या कलमात पुढे असेही म्हटले आहे की माफीने आणलेली वस्तू त्या देशात विकायची असेल, तर सरकारशी ठरलेल्या अटींनुसारच विकता येईल. याचा अर्थ वाहन आणताना फारसा कोणाला सुचत नाही, तो वाहन काढून टाकताना कळतो. गाडी वर्षानुवर्षे धावते, मग जुनी होते, लिलावाची मंजुरी मिळते, खरेदीदार पैसे भरून मोकळा होतो आणि नोंदणी त्याच्या नावावर करायला गेल्यावर परिवहन खाते सीमाशुल्काचा दाखला मागते. तो दाखला ज्याने मिळवला तो अधिकारी एव्हाना दुसऱ्या खंडात असतो, आणि त्याची प्रत त्या वर्षीच्या आयातीच्या फाइलमध्ये असते, जी गोदामात बांधून ठेवलेली असते. म्हणून प्रत्येक वाहनाची एकच फाइल करा आणि ती वाहनाबरोबर शेवटपर्यंत राहू द्या: खरेदी आदेश, माफीचा दाखला, नोंदणी, विमा, मोठ्या दुरुस्त्या, अपघाताचे अहवाल, विक्रीची परवानगी. वर्षानुसार फाइल लावण्याची पद्धत हिशेब विभागाच्या सोयीची आहे; वाहनाचे आयुष्य आर्थिक वर्ष पाहून चालत नाही.

वाहनांचा विषय निघालाच आहे तर लॉगबुकाविषयीही सांगतो. दर महिन्याला एकातरी गाडीचे लॉगबुक स्वतः उघडून पाहा. निघतानाचे किलोमीटर, परतल्यावरचे किलोमीटर, भरलेले इंधन, प्रवासाचे कारण आणि प्रवाशाची सही एवढ्याच गोष्टी तिथे असतात, पण त्या खूप बोलतात. एका प्रवासाचा शेवटचा आकडा आणि पुढच्या प्रवासाचा पहिला आकडा जुळत नसेल, तर मधले अंतर कोणीतरी कापले आहे. दर लिटरमागे पडणारे किलोमीटर अचानक घटले असतील, तर गाडी बिघडली आहे किंवा इंधन दुसरीकडे गेले आहे. आधी गाडी तपासून घ्या, मग माणसाकडे वळा. सगळ्या ओळी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या तर चालकाला रागावण्याआधी त्याला वही रोज लिहायला वेळ मिळतो का ते विचारा. बऱ्याचदा प्रवासी अधिकारीच सही न करता उतरून गेलेले असतात.

इमारतीच्या भाडेकराराला मी सगळ्यांत जास्त वेळ द्यायला सांगेन. भाड्याच्या आकड्यावर घासाघीस सगळेच करतात. करार मुदतीआधी कसा संपवता येईल हे वाक्य मात्र शेवटच्या पानावर घाईत वाचले जाते. तुमच्या संस्थेचा निधी देणगीदारांवर अवलंबून आहे, प्रकल्प बंद पडतात, कार्यालये लहान होतात. अशा वेळी निधीअभावी ठरावीक नोटीस देऊन बाहेर पडण्याची मुभा करारात नसेल, तर रिकाम्या मजल्याचे भाडे भरत बसावे लागते. भाडे कोणत्या चलनात आहे, दरवाढ कशी ठरते, छताची आणि जनरेटरची दुरुस्ती कोणाकडे आहे, वाद झाला तर तो लवादाकडे जाईल असे लिहिले आहे ना, हे पाहा. या शेवटच्या मुद्द्यावर संस्थेच्या मुक्ततांना बाधा येणार नाही असे वाक्य विधी विभागाकडून घ्या आणि घरमालकाच्या वकिलाने ते खोडू नये यासाठी आग्रही राहा. ताबा घेण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीची तारखेसह छायाचित्रे काढून कराराला जोडा. जागा पूर्ववत करून देण्याचा वाद काही वर्षांनी उद्भवतो आणि तेव्हा भिंत आधी कशी होती हे सांगणारा कोणी उरलेला नसतो.

सुरक्षा विभागाने पाहणी केल्याशिवाय मात्र कोणत्याही भाडेकरारावर सही होऊ देऊ नका, मग जागा कितीही स्वस्त असो. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमधील कॅनाल हॉटेल या संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाजवळ स्फोटकांनी भरलेला ट्रक उडवला गेला आणि विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह २२ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या फेरविचारातून २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा आजचा सुरक्षा विभाग उभा राहिला. इमारत रस्त्यापासून किती आत आहे, काचांवर संरक्षक पापुद्रा आहे का, बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का, हे प्रश्न कार्यक्रम विभागातील सहकाऱ्यांना अडवणुकीचे वाटतील. वाटू द्या.

खरेदीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर प्रशिक्षणे भरपूर मिळतात. पैशाचे सर्वोत्तम मोल, निःपक्षपात व पारदर्शकता, खुली आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि संस्थेचे हित ही चार तत्त्वे तुम्हाला पाठ होतील. प्रत्यक्षात तुमचा झगडा तातडीशी होईल. देश कार्यालयाकडून वर्षअखेरीस येणारी ‘तातडीची’ मागणी बहुतेक वेळा आधीच्या काही महिन्यांच्या दिरंगाईतून आलेली असते, आणि ती स्पर्धेविना मंजूर केली की पुढच्या वर्षी तीच पद्धत होते. इथे हिशेबाची एक बाजूही सहकाऱ्यांना समजावून सांगा. या संस्थांनी सार्वजनिक क्षेत्राची आंतरराष्ट्रीय लेखा मानके स्वीकारल्यापासून, म्हणजे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमात २०१२ पासून आणि संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात २०१४ पासून, केवळ खरेदी आदेश काढल्याने वित्तीय विवरणात खर्च धरला जात नाही. माल किंवा सेवा प्रत्यक्ष मिळावी लागते. माल मिळाला असे कधी धरायचे, म्हणजे त्याची जोखीम कोणत्या क्षणी आपल्याकडे येते, हे आदेशातील वितरणाच्या अटीवर ठरते: विक्रेत्याने माल तुमच्या वाहतूकदाराच्या हवाली करण्याची अट असेल तर ती तिथेच येते, आणि तुमच्या ठिकाणी पोहोचवण्याची अट असेल तर पोहोचल्यावर. डिसेंबरात काढलेला आदेश म्हणजे त्या वर्षाचा खर्च झाला, हा समज एकदा खोडून काढला की घाईच्या मागण्या आपोआप थोड्या कमी होतात.

दौऱ्यांचे दैनिक भत्ते आणि विनिमय दर यांवरून होणाऱ्या वादांत फार गुंतू नका. भत्त्याचे दर आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आयोग ठरवतो, विनिमयाचा अधिकृत दर संयुक्त राष्ट्रांचा कोषागार जाहीर करतो. तुम्ही ते फक्त वेळेवर कळवायचे आहेत.

तुमच्या कामाचा बराच ठरावीक भाग आता दूरच्या सेवा केंद्रांत गेला आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. जागतिक आरोग्य संघटनेचे केंद्र क्वालालंपूरमध्ये, युनिसेफचे बुडापेस्टमध्ये. वेतन, देयके, प्रवासभत्ते तिथून निघतात. त्यामुळे प्रादेशिक प्रशासनाचे महत्त्व संपले असे म्हणणारे सहकारी भेटतील. मला ते पटत नाही. केंद्राला कागद दिसतो, त्यामागची परिस्थिती दिसत नाही. एखाद्या शहरात एकच छापखाना आहे म्हणून तीन कोटेशन मिळू शकत नाहीत, हे पुराव्यानिशी मांडणारा माणूस त्याच प्रदेशात लागतो. मात्र केवळ इकडचा ईमेल तिकडे ढकलणारी टपालपेटी होऊ नका. देश कार्यालयाला ‘नियमात बसत नाही’ एवढेच उत्तर कधी पाठवू नका. कोणता नियम, तो कशासाठी आहे आणि त्यात राहून हवे ते कसे मिळेल, या तीन गोष्टी त्याच ईमेलमध्ये असाव्यात.

२०१८ मध्ये महासभेने विकास यंत्रणेची फेररचना मंजूर केल्यापासून एकाच इमारतीत अनेक संस्थांनी राहण्यावर भर वाढला आहे. हे धोरण मला योग्य वाटते, पण शेजारधर्म कागदावर आणा. भाडे क्षेत्रफळाप्रमाणे, स्वागतकक्ष व साफसफाई माणशी, सुरक्षारक्षकांचा खर्च कोणत्या प्रमाणात, आणि मुख्य म्हणजे एखादी संस्था मध्येच निघून गेली तर तिचा वाटा कोण उचलणार, हे सामंजस्य करारात पहिल्या दिवशी लिहून घ्या.

स्थानिक कर्मचाऱ्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. संस्थेची स्मृती त्यांच्यापाशी असते. कोणता अधिकारी कोणत्या खिडकीशी बसतो, कोणत्या पुरवठादाराने मागे निकृष्ट माल दिला, पावसात कोणता रस्ता बंद होतो, हे त्यांना ठाऊक असते आणि नव्या साहेबांनी विचारल्याशिवाय ते सहसा सांगत नाहीत, कारण आधीच्या साहेबांनी ऐकले नव्हते. त्यांच्यापैकी अनेकांचे करार अल्प मुदतीचे असतात. ती मुदत संपण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत नूतनीकरणाचे पत्र हाती न पडणे म्हणजे घरभाडे, मुलांचे शुल्क, कर्जाचा हप्ता सगळेच टांगणीला लागणे. तुमच्या दिनदर्शिकेत प्रत्येक कराराच्या अखेरीच्या तीन महिने आधीची तारीख लिहा, आणि करार वाढणार नसेल तर तेही त्याच दिवशी स्पष्टपणे, समोर बसून सांगा. त्यांनी सांगितलेली माहिती टिपणात घ्या आणि ती कोणी दिली हेही लिहा. श्रेय मिळाले की पुढची माहिती न मागता येते.

तुमच्या जागी येणाऱ्यासाठीचे हस्तांतरणाचे टिपण निघण्याच्या आठवड्यात लिहायचे नसते. ते रुजू झाल्याच्या दिवसापासून उघडे ठेवा आणि जे शोधायला तुम्हाला त्रास पडला ते त्यात लगेच नोंदवत जा. महिन्याभरात तो त्रास विसरला जातो. चालू वाद, तोंडी दिलेली आश्वासने, मुदत संपत आलेले करार आणि अर्धवट राहिलेले परताव्याचे अर्ज एवढे तरी त्यात असू द्या. तोंडी आश्वासने विशेषतः, कारण ती कोणत्याच फाइलमध्ये सापडत नाहीत.

पहिला दौरा कोणत्या कार्यालयाचा करावा, असेही तुम्ही विचारले होते. जे कार्यालय सर्वांत कमी पत्रव्यवहार करते, तिथे जा. ज्यांच्या तक्रारी रोज येतात त्यांची स्थिती तुम्हाला ईमेलवरून कळतेच. जाण्यापूर्वी त्यांची मालमत्तेची यादी मागवा, आणि पोहोचल्यावर त्यातील काही वस्तू कोणत्या खोलीत आहेत ते चालत जाऊन पाहा. यादीत आहे पण खोलीत नाही, आणि खोलीत आहे पण यादीत नाही, अशा दोन्ही प्रकारच्या नोंदी घेऊन या. त्या पाहून पुढचे सविस्तर लिहीन.

कळावे, लोभ असावा.

तुमचा स्नेहांकित