सुई चुकू नये म्हणून काय शिकावं?

प्रश्न : आम्ही तासगाव तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. मुलगी बारावी सायन्सला, गणित आणि बायॉलॉजी दोन्ही घेतलंय. गेल्या वर्षी माझ्या वडिलांचा पीएसए (प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, तिच्यासाठीची रक्ततपासणी) वाढला म्हणून प्रोस्टेटची बायॉप्सी केली. बारा तुकडे काढले, कॅन्सर नाही असा रिपोर्ट आला. पीएसए मात्र वाढतच राहिला. मग एमआरआय केला, त्यात दिसलेल्या जागेचे तुकडे काढले, तेव्हा कॅन्सर निघाला. उपचार चालू आहेत, तब्येत ठीक आहे. तेव्हापासून मुलीचा एकच धोशा, ‘सुई चुकणारच नाही असं मशीन मी करणार.’ पुण्याच्या एका खासगी कॉलेजनं ‘एआय इन हेल्थकेअर’ असा कोर्स सुचवलाय, चार वर्षांचे मिळून सोळा लाख. पाहुणे म्हणतात डॉक्टर करा. काय करावं?

उत्तर : नमस्कार. तुम्ही विचारलेला नाही, पण पत्रात जाणवतो असा एक प्रश्न आहे: पहिल्या डॉक्टरांचं चुकलं का? मी डॉक्टर नाही, तरी तुम्ही लिहिलंय त्यात मला हलगर्जीपणा दिसत नाही. ही सुई सोनोग्राफी बघत घालतात. सोनोग्राफीत प्रोस्टेटची कड दिसते, आतली गाठ बऱ्याचदा ओळखू येत नाही. म्हणून ग्रंथीचे भाग पाडून ठरलेल्या जागांवरून तुकडे घ्यायची पद्धत पडली. बागेतली माती तपासायला देताना तुम्ही नागमोडी फिरून ठिकठिकाणची माती उचलता, तसंच हे. एखादाच कोपरा क्षारपड असेल तर तो सुटू शकतो. मुलीला हिशेब करायला सांगा. एक तुकडा साधारण १ मिमी जाड आणि १७ मिमी लांब धरायचा, असे १२. ग्रंथी ४० घनसेंटिमीटरची धरली तर तपासलेला भाग अर्धा टक्काही भरत नाही.

आधी एमआरआय करण्याचा फायदा खरा आहे. ‘प्रिसिजन’ नावाची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, ५०० पुरुषांवर केलेली. नेहमीच्या पद्धतीनं तुकडे काढलेल्या गटात २६ टक्के जणांना दखल घ्यावी असा कॅन्सर सापडला. आधी एमआरआय करून संशयाच्या जागीच सुई घातली त्या गटात ३८ टक्के. शिवाय या दुसऱ्या गटातल्या २८ टक्के लोकांना एमआरआय स्वच्छ आल्यामुळे सुई टोचावीच लागली नाही.

मग तुमच्या मुलीसाठी काम उरलं का? भरपूर उरलंय. शेत जागचं हलत नाही, प्रोस्टेट हलते. एमआरआय काढताना माणूस उताणा असतो. बायॉप्सी होते काही दिवसांनी, कुशीवर किंवा पाय वर घेऊन. गुदमार्गातला सोनोग्राफीचा प्रोब ग्रंथीला दाबतो. भूल दिलेली असते, मूत्राशय कधी भरलेलं कधी रिकामं, आणि पहिल्या काही तुकड्यांनंतर सूज येते ती वेगळीच. म्हणजे डॉक्टरांकडे चित्र असतं त्या दिवसाचं आणि समोर ग्रंथी असते आजची. ही दोन एकमेकांवर बसवण्याचं काम फ्यूजन सॉफ्टवेअर करतं. काही सॉफ्टवेअर एक चित्र नुसतं सरकवून-फिरवून दुसऱ्यावर बसवतात, काही ते ताणून-वाकवूनही बसवतात, कारण ग्रंथी मऊ आहे. त्यात एमआरआयचे काप साधारण ३ मिमी जाडीचे, कापांवर ग्रंथीची कड कुणीतरी अंदाजानं आखलेली, आणि तिरकस टोकाची सुई आत शिरताना एका अंगाला झुकते. प्रत्येक टप्प्यावर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक साठत जातो. अर्ध्या घनसेंटिमीटरच्या गाठीचा व्यास जेमतेम १ सेंमी असतो. मधोमध नेम धरूनही ५ मिमीहून जास्त चूक झाली की सुई गाठीबाहेर.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट पुढेच आहे. पडद्यावर दोन्ही चित्रांच्या कडा छान जुळलेल्या दिसतात आणि बघणारा निर्धास्त होतो. पण कड जुळली म्हणून आतली गाठही जुळली असं होत नाही. ज्या खुणांवरून चित्र बसवलं त्या खुणांची चूक आणि प्रत्यक्ष लक्ष्याची चूक ही दोन वेगळी मापं आहेत. पहिलं सहज मोजता येतं म्हणून लोक तेच मिरवतात. दुसरं मोजायला अवघड आणि पेशंटच्या दृष्टीनं तेच महत्त्वाचं. तुमच्या मुलीला या क्षेत्रात खरंच काही करायचं असेल तर हे दुसरं माप प्रामाणिकपणे काढायला तिनं शिकावं. मशीन नंतर.

महागड्या यंत्रानं सगळं सुटतं असंही समजू नका. नेदरलँड्समध्ये ‘फ्यूचर’ नावाची चाचणी झाली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तुमच्या वडिलांसारखेच, आधीची बायॉप्सी निगेटिव्ह आलेले पुरुष. एमआरआय डोळ्यांनी पाहून मनात जागा ठरवणं, फ्यूजन सॉफ्टवेअर वापरणं आणि थेट एमआरआय मशीनमध्येच सुई घालणं, अशा तीन पद्धतींची तुलना केली. महत्त्वाचा कॅन्सर सापडण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. उत्तर आलेल्या प्रश्नावर करिअर करण्यापेक्षा असा अडलेला प्रश्न बरा, असं माझं मत.

आता रस्ते. डॉक्टरकीचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला पाहुण्यांनी सांगितलंच असेल: इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमएस, पुढे तीन वर्षं एमसीएच युरॉलॉजी (मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया). सुई स्वतःच्या हातात धरायची असेल तर हा मार्ग. एमबीबीएसनंतर तंत्रज्ञानाकडे वळायचं झालं तर आयआयटी खरगपूरला डॉक्टरांसाठी एमएमएसटी हा पदव्युत्तर कोर्स आहे.

पण मुलगी म्हणते ‘मशीन करणार’. तिचे शब्द खरे मानले तर माझा कल इंजिनिअरिंगकडे आहे, आणि पदवीला साध्या, जुन्या शाखेकडे. सांगलीत वालचंद कॉलेज १९४७ पासून आहे, कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० पासून. तिथं इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, अगदी मेकॅनिकलसुद्धा चालेल. ग्रंथी दाबल्यावर कशी वाकते हा शेवटी मेकॅनिक्सचाच प्रश्न आहे, आणि चित्रावर चित्र बसवणं म्हणजे रेखीय बीजगणित आणि कॅल्क्युलस. पदवीनंतर एमटेकच्या प्रवेशासाठी गेट ही परीक्षा द्यावी. २०२० पासून गेटला बायोमेडिकल इंजिनिअरिंगचाही पेपर आहे. मुंबईच्या आयआयटीत बायोमेडिकलचं एमटेक आहे. क्लिनिकल इंजिनिअरिंगचं एमटेक आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था मिळून चालवतात. रुग्णालयाच्या आत राहून यंत्राकडे बघायला मिळतं, म्हणून मला तो विशेष आवडतो.

तिसरा रस्ता आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही: मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे रेडिएशन कुठं आणि किती द्यायचं याचा हिशेब बघणारा. सांगलीच्या विलिंग्डनसारख्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बीएस्सी, मग एमएस्सी, मग मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा आणि त्यानंतर इंटर्नशिप. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे रेडिओथेरपी विभागाला मेडिकल फिजिसिस्ट ठेवावाच लागतो. प्रोस्टेटला रेडिएशन देताना पुन्हा तोच नेमाचा प्रश्न येतो, फक्त एकदा नाही, उपचाराच्या दर दिवशी. आज आतड्यात गॅस आहे, उद्या मूत्राशय कमी भरलंय, ग्रंथी काही मिलिमीटर सरकलेली. म्हणून काही ठिकाणी ग्रंथीत सोन्याच्या बारीक खुणा बसवतात आणि मशीन सुरू करण्याआधी स्कॅन घेऊन जागा जुळवतात. मिरजेत कॅन्सरवर उपचार होतात. तिथल्या एखाद्या फिजिसिस्टना भेटायला वेळ मागा. मुलीला घेऊन जा आणि बोलू तिलाच द्या.

सोळा लाखांच्या कोर्सबद्दल स्पष्ट लिहितो. दर जूनला माझ्या टेबलावर अशा ब्रोशरांचा ढीग पडतो, सगळ्यांवर निळा मेंदू आणि रोबोटचा हात. कॉलेजला विचारा: गणित किती सेमिस्टर आहे? कोणत्या रुग्णालयाशी करार आहे, आणि विद्यार्थ्यांना तिथं प्रत्यक्ष काय करायला मिळतं? मागच्या बॅचची मुलं आज नेमकी कुठं आहेत? उत्तरं गुळमुळीत आली तर पैसे राखून ठेवा, एमटेकच्या वेळी उपयोगी पडतील.

पुढचं तिच्यासाठी. परीक्षा झाल्यावर एका पारदर्शक डब्यात चायनाग्रास घट्ट लावायचं, सेट होताना मधे मटारचा दाणा अडकवायचा. बारीक, कडक तारेचं टोक कानशीनं तिरकं घासायचं आणि दाण्यावर नेम धरून ती सरळ आत घालायची. दर वेळी जरा बाजूच्या जागेतून. तार दाण्यापासून किती मिमी आणि कुठल्या बाजूला गेली ते वहीत लिहायचं. पंधरा-वीस वेळा झालं की सरासरी काढायची, आणि आकडे किती विखुरलेत तेही बघायचं. मग निम्म्या वाटेत तार अर्धा फेरा फिरवून पुन्हा सगळं करायचं. सुई वळवून तिचा झुकाव आवरण्यावर जगभर चाललेल्या संशोधनाची सुरुवात इतकी साधी आहे. लॅपटॉप असेल तर थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि प्रोस्टेटचे एमआरआय संशोधनासाठी खुले ठेवलेले आहेत. एकाच एमआरआयवर ग्रंथीची कड आज आखायची, आठवड्यानं मागचं न बघता पुन्हा आखायची. स्वतःच्याच दोन रेषांत किती फरक पडतो ते मोजायचं. या कामाचा तिला कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

दोन्ही विषय आहेत, तेव्हा नीट आणि सीईटीचे दोन्ही गट द्यायला हरकत नाही. नीट रिपीट करण्यात मात्र वर्ष घालवू नका, तिला डॉक्टरच व्हायचंय असं ती स्वतः म्हणाली तर गोष्ट वेगळी. निकालानंतर कॅपचे (केंद्रीय प्रवेशफेरीचे) पर्याय भरण्याआधी दोघंही या, येताना तिची ती वही आणा. फॉर्म आपण इथंच बसून भरू.