पिनेला पंखा ओढायला लावू नका

मे महिना आणि घामोळ्यांचे दिवस, त्यामुळे या खेपेची बहुतेक पत्रं एकाच गोष्टीची: छोट्या कॉम्प्युटर बोर्डाला पंखा.

प्रश्न (साखळी): रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्टचा पंखा थेट जीपीआयओ पिनेवर (प्रोग्रॅमच्या हुकुमावर चालू-बंद होणारी पिन) जोडला, प्रोग्रॅममधून चालू-बंद करता यावा म्हणून. पंखा नुसता थरथरतो. बोर्ड गेला का?

उत्तर: बोर्ड बहुधा शाबूत असेल, ती पिन मात्र तपासा. ३३० ओहमचा रेझिस्टर लावून एलईडी पेटतो का बघा. पेटला तर सुटलात. पिन देते ३.३ व्होल्ट, आणि तिच्याकडे १६ मिलिॲम्पियरपेक्षा जास्त मागायचं नसतं. पंख्याच्या स्टिकरवर ०.१ ते ०.२ ॲम्पियर लिहिलेलं सापडेल. म्हणजे जवळपास दहापट! पिनेनं फक्त इशारा द्यावा, ओझं ५ व्होल्टच्या लाइननं उचलावं.

पंख्याची लाल वायर ५ व्होल्टला (पिन क्रमांक ४), काळी वायर टू-एन-२२२२ ट्रान्झिस्टरच्या (पिनेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) कलेक्टरला, एमिटर ग्राउंडला, आणि बेसला ४७० ओहममधून जीपीआयओ १८ (हा जीपीआयओचा क्रमांक, रांगेतला नाही). दुकानदार हमखास बीसी ५४७ हातात ठेवतो. तो १०० मिलिॲम्पियरचा, घेऊ नका. पंख्याला समांतर एक डायोड (करंट एकाच दिशेनं सोडणारा) हवाच, कारण मोटर बंद होताना उलटा व्होल्टेज फेकते. डायोडचा पट्टा ५ व्होल्टच्या बाजूला. मी एकदा चवथीच्या देखाव्याच्या घाईत तो उलटा लावला. ट्रान्झिस्टर चालू झाला, डायोडमधून सरळ शॉर्ट झाला, आणि अगरबत्तीत जळक्या प्लास्टिकचा वास मिसळला. घरच्यांना तो देखावा अजून आठवतो.

मग रास्पी-कॉन्फिगमध्ये (बोर्डाच्या सेटिंगचा प्रोग्रॅम) परफॉर्मन्स खाली ‘फॅन’ आहे. तिथे जीपीआयओ १८ आणि तापमान ६० सांगा. आपोआप सुचवलेली १४ ही सीरियल कन्सोलचीही पिन आहे, म्हणून ती टाळलेली बरी. ८० अंशांना बोर्ड स्वतःच वेग कमी करतो, तिथपर्यंत वाट बघू नका.

प्रश्न (मडगाव): रास्पबेरी पाय ५ ला हेच सगळं करायचं?

उत्तर: नाही. त्याच्यावर चार पिनांचा बारीक फॅन कनेक्टर आधीपासूनच आहे, ४० पिनांची रांग आणि यूएसबी यांच्या मध्ये. पिनांतलं अंतर १ मिलिमीटर, म्हणून नख लावून ओढू नका. जुळणारा पंखा लावला की ५० अंशांना फिरू लागतो, ७५ ला पूर्ण वेगात.

प्रश्न (वास्को): दर पावसाळ्यानंतर पंखा थांबतो, वायर हलवली की फिरतो. कनेक्टर हिरवट दिसतो.

उत्तर: दोष पंख्याचा नाही, खाऱ्या हवेचा. बोर्डाच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो आणि स्वस्त जंपर वायरींच्या तोंडाला कथील. दमट हवेत ही जोडी पटकन गंजते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, वायरी बदला. त्याहून बरं म्हणजे जोड सोल्डरच करा आणि फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावलेला चिकट पदार्थ) पुसून काढा, कारण उरलेला फ्लक्स ओल धरून ठेवतो. वरून संरक्षक लाखेचा पातळ हात मारा, पण कनेक्टरच्या तोंडावर आधी टेप चिकटवा.

प्रश्न (फोंडा, अभियांत्रिकीचा विद्यार्थी): स्वतःचा बोर्ड डिझाइन करतो आहे. पंख्याचा कनेक्टर कुठला ठेवू?

उत्तर: डेस्कटॉपवाला चार पिनांचा, २.५४ मिलिमीटरचा, उलटा न बसणारा. त्यावर तीन पिनांचा पंखाही चालतो. क्रम: ग्राउंड, पुरवठा, वेगाचा सिग्नल (पंखा किती फिरतो ते सांगणारा), पीडब्ल्यूएम (झपाझप चालू-बंद होऊन वेग ठरवणारा). डेस्कटॉपवर पुरवठा १२ व्होल्टचा असतो, तुझा ५ असेल तर बोर्डावर ठळक छाप, नाहीतर कुणीतरी कपाटातला जुना पंखा लावून बघेल आणि तो धड फिरणार नाही. वेगाचा सिग्नल ओपन कलेक्टर असतो, म्हणजे तो फक्त ग्राउंडकडे ओढतो, स्वतः व्होल्टेज देत नाही. त्याला १० किलोओहमनं ३.३ व्होल्टकडे ओढ, १२ कडे नाही. बहुतेक पंखे एका फेरीत दोन पल्स देतात, म्हणून मोजणी निम्मी कर. पीडब्ल्यूएम २५ किलोहर्ट्झचं ठेव, कमी केलंस तर पंखा कुंईं करतो. कनेक्टरशेजारी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

आणि ग्राउंडच्या पॅडला थर्मल रिलीफ (पॅड आणि तांब्याचा पत्रा यांना जोडणाऱ्या नुसत्या बारीक पट्ट्या) सोडायला विसरू नकोस. तांब्याचा अख्खा पत्रा उष्णता पिऊन टाकतो, आणि सोल्डर दाण्यासारखा गोळा होऊन नुसता वर बसतो. पॅड धरल्यासारखं दिसतं, पण धरलेलं नसतं.